सॅनसुई म्हणजे टीव्ही ना? मग जुन्या सॅनसुई ॲम्प्लिफायरसाठी लोक एवढे वेडे का?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही 'सॅनसुई' म्हटलं की टीव्ही आठवतो. शोकेसमध्ये बसवलेला, वर विणलेला रुमाल टाकलेला, क्रिकेटच्या मॅचला अर्धी गल्ली समोर बसवणारा रंगीत टीव्ही. कुणाला डीव्हीडी प्लेअर आठवेल, कुणाला फ्रीज.

त्यामुळे इन्स्टाग्रामवर एखादी रील समोर आली की गोंधळ उडतो. काळ्या धातूची जड पेटी, ओळीने बसवलेली बटणं, हाताच्या मुठीएवढा व्हॉल्यूमचा नॉब आणि त्यावर नाव सॅनसुई. खाली कमेंटमध्ये लोक किंमत विचारतायत. पेटी चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनी. ना ब्लूटूथ, ना रिमोट. तरी तिच्यासाठी रांग.

हे वेड फक्त सॅनसुईपुरतं नाही. पायोनियर, यामाहा, लक्समन, केनवुड, मरांट्झ, टेक्निक्स अशा अनेक नावांचे १९७० च्या दशकातले स्टिरिओ ॲम्प्लिफायर आज जगभर शोधले जातात आणि आपल्याकडेही. या यंत्रांमध्ये असं काय आहे? आवाज खरंच वेगळा असतो का? आणि नागपूरसारख्या शहरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे असा सेट घेणं शहाणपणाचं आहे का? एकेक करून बघू.

आधी हे सांगा, ॲम्प्लिफायर करतो काय?

रेकॉर्ड प्लेअरची सुई तबकडीच्या खाचेतून फिरते तेव्हा जो विद्युत सिग्नल तयार होतो तो अगदीच किरकोळ असतो. साध्या प्रकारच्या सुईतून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. एक मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. एवढ्याशा सिग्नलने स्पीकरचा पडदा हलणारही नाही.

८ ओमच्या स्पीकरला ८५ वॅट द्यायचे तर सुमारे २६ व्होल्ट लागतात. म्हणजे ५ मिलिव्होल्टचे २६ व्होल्ट करायचे. पाच हजार पटींहून जास्त वाढ. तीही अशी, की मूळ सिग्नलचा आकार बदलता कामा नये. लताबाईंचा आवाज मोठा व्हायला हवा, पण लताबाईंचाच राहायला हवा. हे काम ॲम्प्लिफायर करतो.

आता वाढवलेली ही ताकद येते कुठून? भिंतीतल्या सॉकेटमधून. ॲम्प्लिफायर स्वतः ऊर्जा तयार करत नाही. तो घरातली वीज घेतो, ट्रान्सफॉर्मरने हव्या त्या व्होल्टेजवर आणतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि ट्रान्झिस्टर संगीताच्या चढउताराप्रमाणे ती स्पीकरकडे सोडतात. धरण, कालवा आणि दरवाजे असा हा प्रकार. ढोलाची थाप आली की क्षणभर भरपूर पाणी सोडावं लागतं. धरणच छोटं असेल तर थाप पोकळ वाटते.

म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरचे जाणकार आधी पेटी उचलून बघतात. वजन म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं लोखंड आणि तांबं. वजन जास्त म्हणजे आवाज चांगलाच, असं नाही. पण कंपनीने कुठे पैसा घातला होता आणि कुठे वाचवला होता, हे त्यावरून बरंच कळतं.

ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी

इथेच सॅनसुईची गोष्ट रंजक होते. ही कंपनी टोकियोत १९४७ साली स्थापन झाली, म्हणजे भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी. नावाचा अर्थ 'डोंगर आणि पाणी'. जपानमध्ये निसर्गचित्रांसाठी हाच शब्द वापरतात. सुरुवातीला कंपनी रेडिओसाठी लागणारे ट्रान्सफॉर्मर बनवायची. ॲम्प्लिफायर, रिसीव्हर हे सगळं नंतर आलं. म्हणजे ज्या भागावर ॲम्प्लिफायरचा सगळा डोलारा उभा असतो, तोच भाग बनवण्यात या कंपनीचा हात बसलेला होता.

१९६५ साली सॅनसुईने एयू-१११ नावाचा व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर काढला. त्याची दर्शनी पट्टी काळी होती. पुढे काळी पट्टी हीच सॅनसुईच्या ॲम्प्लिफायरची ओळख झाली. बाकीच्या बऱ्याच जपानी कंपन्या तेव्हा चंदेरी ॲल्युमिनियम वापरायच्या. आजही दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या ढिगातून संग्राहक सॅनसुई लांबूनच ओळखतात, ते यामुळे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला एयू-७१७ हे या मालिकेतलं बहुचर्चित मॉडेल. दोन्ही चॅनलना प्रत्येकी ८५ वॅट आणि पूर्ण ताकदीवरही विकृतीचं प्रमाण ०.०२५ टक्के. विकृती म्हणजे मूळ सिग्नलमध्ये नसलेलं, यंत्राने स्वतःहून मिसळलेलं काहीतरी. दुधात चार हजार थेंबांमागे एक थेंब पाणी, एवढं ते प्रमाण. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी हा आकडा आजही मान खाली घालायला लावत नाही.

वॅटची लढाई

सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये मोठी चढाओढ लागली. मैदान होतं अमेरिका. व्हिएतनाम युद्धाच्या काळात आशियात असलेले अमेरिकन सैनिक लष्करी दुकानांतून पायोनियर, सॅनसुई, अकाईचे सेट स्वस्तात घेऊन घरी परतत होते. नावं तिथे घराघरांत पोहोचली. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा ठरलेला दर असल्याने जपानी माल अमेरिकेत स्वस्त पडायचा. नंतर येन वधारला, तरी तोवर बाजार हातात आला होता.

मग आकड्यांची स्पर्धा सुरू झाली. १९७८ च्या सुमाराला पायोनियरच्या एसएक्स-१९८० रिसीव्हरने प्रत्येक चॅनलला २७० वॅट दिले. सॅनसुईचा जी-३३००० त्यावर ३०० वॅट घेऊन उभा राहिला. टेक्निक्सच्या एसए-१००० ने ३३० सांगितले. पायोनियरच्या त्या रिसीव्हरचं वजन ३५ किलोच्या आसपास. दोन माणसांशिवाय टेबलावर चढणार नाही. अमेरिकेतली किंमत होती १,२५० डॉलर. तेव्हाच्या दराने दहा हजार रुपयांच्या आसपास.

घरात एवढी ताकद लागते का? अजिबात नाही. साध्या हॉलमध्ये गप्पा मारता मारता गाणी ऐकायला एक-दोन वॅट पुरतात. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे ही लढाई बरीचशी मिशांची होती.

पण तिचा एक फायदा झाला. १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की ॲम्प्लिफायरचे वॅट वाट्टेल तसे छापता येणार नाहीत. ठरलेल्या पद्धतीने चाचणी घ्यायची, आधी तासभर यंत्र एक तृतीयांश ताकदीवर चालवायचं आणि मग सलग किती वॅट देतं ते सांगायचं. त्या काळात आकडा मोठा दाखवायचा तर मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे हीटसिंक घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून या पेट्या इतक्या जड आहेत.

याच्या उलट आपला अनुभव आठवा. नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या टू-इन-वनवर '१००० वॅट पीएमपीओ' असं झळकायचं. पीएमपीओ म्हणजे क्षणार्धापुरता, कागदावरच शक्य असलेला आकडा. तो मोजायची कुठली ठरलेली पद्धतच नव्हती. त्या हजार वॅटच्या टेपमध्ये प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वॅट असायचे. सत्तरच्या दशकातल्या पेटीवर ८५ लिहिलं असेल, तर ती ८५ देते. संग्राहकांना आवडणारी पहिली गोष्ट ही.

आपल्याकडे हे सेट आले कसे?

दुकानातून फार कमी आले. १९९१ च्या उदारीकरणाआधी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तू आणायला परवाना, कोटा आणि जबर आयात शुल्क यांची भिंत होती. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले आयात निर्बंध तर १ एप्रिल २००१ ला उठले. हौशी माणसाकडे देशी पर्याय होते. मुंबईची कॉस्मिक, १९७० साली कोलकात्यात सुरू झालेली सोनोडाइन, फिलिप्सचे भारतात बनलेले सेट. आणि गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे दिसणारी अहुजा.

जपानी सेट आले ते माणसांच्या सामानातून. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामं निघाली आणि कोकणापासून केरळपर्यंतची माणसं तिकडे गेली. परत येताना हातात टेप, घड्याळ आणि जमलं तर स्टिरिओ. जहाजावरचे खलाशी, विमान कंपन्यांतले कर्मचारी, परदेशी राहणारे नातेवाईक हे दुसरे रस्ते. तिसरा रस्ता चोरटा. मुंबईत मुसाफिरखाना आणि हाजी अलीजवळचं हिरा पन्ना मार्केट ही 'इम्पोर्टेड' मालासाठी प्रसिद्ध ठिकाणं होती.

मुंबईत उतरलेल्या या मालातला थोडासा भाग विदर्भापर्यंत पोहोचला. ज्याच्या घरी पोहोचला, त्याच्या घरी तो दिवाणखान्यातला मानाचा पाहुणा होता. म्हणूनच नागपूरच्या धरमपेठ, महाल, इतवारी भागातल्या एखाद्या जुन्या घराचं आवरताना माळ्यावर असा सेट निघाला तर आश्चर्य वाटायला नको. दुर्दैवाने त्यातले बरेच थेट भंगारात जातात. भंगारवाल्याला त्यातलं तांबं दिसतं, नाव दिसत नाही.

मग ही कंपनी टीव्हीवर कशी गेली?

१ ऑक्टोबर १९८२ ला सोनीने जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विकायला आणला. लोकांचे पैसे नव्या गोष्टीकडे वळले. पाठोपाठ लहान आकाराचे, स्वस्त म्युझिक सिस्टिम आले. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलरचा भाव खाली आणायचा करार केला. पुढच्या दोन वर्षांत एका डॉलरला २४० येनच्या जागी १५० च्या आसपास येन मिळू लागले. जपानी माल परदेशात महागला. किंमत तीच ठेवायची तर आतलं लोखंड-तांबं कमी करणं भाग होतं.

मोठ्या कंपन्यांनी टीव्ही, व्हिडिओ, कार स्टिरिओत हातपाय पसरले. जवळजवळ पूर्णपणे ऑडिओवर उभी असलेली सॅनसुई मात्र अडचणीत आली. १९८९ साली पॉली पेक या ब्रिटिश कंपनीने तिच्यात बहुमताचा हिस्सा घेतला. दुसऱ्याच वर्षी, १९९० मध्ये पॉली पेकच कोसळली. सॅनसुई पुढे हाँगकाँगच्या ग्रँड होल्डिंग्ज समूहाकडे गेली. शेवटी २०१४ साली मूळ जपानी कंपनी दिवाळखोर जाहीर झाली.

पण कंपनी बुडाली तरी नाव बुडत नाही. नाव भाड्याने देता येतं. भारतात सॅनसुईचं नाव लावून टीव्ही विकले ते व्हिडिओकॉनने. धूत कुटुंबाची, औरंगाबादजवळ म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला कारखाना असलेली, आपल्या मराठवाड्यातली कंपनी. अकाईचं नावही याच समूहाने वापरलं. त्या टीव्हींनी लाखो घरांना सेवा दिली, त्यात वावगं काही नाही. पण टोकियोत एयू-७१७ बनवणारे अभियंते आणि चितेगावचा टीव्ही यांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पाटीवरचं नाव. पुढे २०१८ साली व्हिडिओकॉनही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सॅनसुई हे नाव त्यानंतरही बाजारात फिरतंच आहे.

जुन्या यंत्रांच्या बाजारात शिरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. नाव विकत घेता येतं, पण पेटीच्या आत जे आहे ते नावासोबत येत नाही. एकाच नावाचे १९७८ आणि १९९८ चे सेट ही दोन वेगळ्या जगातली यंत्रं असू शकतात.

आवाज खरंच वेगळा असतो का?

आता वादाचा मुद्दा. 'विंटेज साउंड', 'उबदार आवाज' असे शब्द विक्रेत्यांच्या तोंडी सतत असतात.

१९८७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने एक चाचणी छापली. सुमारे २२० डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत वेगवेगळी यंत्रं पडद्याआड ठेवली. आवाजाची पातळी सारखी केली आणि २५ जणांना ओळखायला लावलं. निकाल अंदाजपंचे सांगण्यापेक्षा फारसा वेगळा आला नाही. महागड्या यंत्राचे भक्तही डोळ्यांसमोर नाव नसताना चाचपडले.

यावरून सगळे ॲम्प्लिफायर कायम सारखेच वाजतात असं म्हणता येत नाही. अवघड स्पीकर, मोठी खोली, ताकदीच्या टोकावर चालणारं यंत्र अशा ठिकाणी फरक पडतो. पण नीट बनवलेली, नीट चालू असलेली दोन यंत्रं आपापल्या मर्यादेत वाजत असतील तर फरक लोक समजतात त्यापेक्षा खूपच कमी असतो. आजच्या स्वस्त, तळहातावर मावणाऱ्या क्लास-डी ॲम्प्लिफायरमध्येही कागदावरचे आकडे चांगले मिळतात.

उलट जुन्या सेटचा 'उबदार' आवाज काही वेळा आजाराचं लक्षण असतो. कपॅसिटर सुकले की वरचे-खालचे सूर दबतात. लाऊडनेसचं बटण दाबलेलं असतं, त्यामुळे खर्ज वाढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय जुना बाज आहे!

मग आकर्षण नेमकं कशाचं?

तीन गोष्टींचं, आणि तिन्ही खऱ्या आहेत.

पहिली, दुरुस्ती. या यंत्रांत प्रत्येक ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर सुटा दिसतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किटचा नकाशा असतो, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत ते छापलेलं असतं. मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न हाताळता येणारा मेकॅनिक बिघाड शोधू शकतो. आजच्या साउंडबारचा बोर्ड गेला की कंपनी म्हणते, नवीन घ्या. पन्नास वर्षांचं यंत्र दुरुस्त होतं आणि पाच वर्षांचं होत नाही, हा विरोधाभास अनेकांना या छंदाकडे ओढतो.

दुसरी, हाताला लागणारा अनुभव. धातूचा नॉब फिरवताना जाणवणारं वजन, निवडीच्या बटणाचा टक आवाज, चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आतून येणारा रिलेचा 'टिक'. तो 'टिक' म्हणजे यंत्राने स्वतःची तपासणी करून स्पीकर जोडल्याची खूण. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून कंटाळलेल्या पिढीला हे नवं वाटतं.

तिसरी, रेकॉर्ड. एलपी पुन्हा लोकप्रिय झाल्या. सुईचा बारीक सिग्नल घेणारी 'फोनो' जोडणी या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये हमखास असते, बऱ्याच नव्या स्वस्त यंत्रांत नसते. घरात आजोबांच्या एलपी पडल्या असतील तर ही पेटी त्यांना पुन्हा वाजतं करते.

नागपुरात घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न: किती व्होल्टचा आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे पैसे तर जातातच, आगही लागू शकते.

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते. आपल्याकडे २३० ची. हल्ली जपानमधून वापरलेले सेट थेट मागवले जातात. त्यातले बरेच जपानच्या देशी बाजारासाठी बनलेले असतात आणि फक्त १०० व्होल्टवर चालतात. असा सेट सीताबर्डीतल्या एखाद्या घराच्या सॉकेटमध्ये सरळ लावला तर आत सगळीकडे २.३ पट व्होल्टेज जातं. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर ट्रान्सफॉर्मरची वायंडिंग जळते, कपॅसिटर फुटतात. ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी एवढे पैसे मोजले तोच पहिल्या मिनिटात जातो.

म्हणून आधी मागची पाटी वाचायची. 'एसी १०० व्होल्ट' एवढंच असेल तर २३० चे १०० करणारा चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागेल. पाटीवरच्या कमाल वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा. प्रवासात वापरायचे छोटे कन्व्हर्टर इथे चालत नाहीत. निर्यातीसाठी बनलेल्या अनेक मॉडेलना मागे व्होल्टेज निवडायची सोय असते. तिथे खटका २२० किंवा २४० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघायचं. २४० हे आपल्यासाठी जास्त सुरक्षित.

रिसीव्हर म्हणजे रेडिओसह ॲम्प्लिफायर घेत असाल तर आणखी एक गंमत. जपानमधली एफएमची पट्टी पूर्वापार ७६ ते ९० मेगाहर्ट्झ अशी आहे, आपली ८८ ते १०८. जपानी देशी मॉडेलचा काटा ९० ला थांबतो. नागपुरात ९८.३ लावायचं म्हटलं तर तो आकडाच डायलवर नसतो. मीडियम वेव्ह लागते, पण तिथेही आता शांतता वाढली आहे. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ पासून नागपुरात तब्बल एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर गर्जत होता. ती वाहिनीही काही वर्षांपूर्वी बंद झाली.

दुसरा प्रश्न: उन्हाळा

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. ८५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांना साधारण १६,००० तास टिकेल, ६५ अंशांना ८,००० तास. रोज तीन तास वापर धरला तर पहिल्या ठिकाणी चौदा वर्षं, दुसऱ्या ठिकाणी सात.

आता नागपूरचा मे महिना बघा. खोलीतच ४० अंश. पेटीच्या आत त्यावर आणखी वीस-पंचवीस चढतात. बंद शोकेसमध्ये ठेवला तर त्याहून जास्त. त्यामुळे इथे ॲम्प्लिफायरवर टर्नटेबल ठेवणं, कपडा टाकणं, काचेच्या कपाटात कोंबणं हे सगळं टाळायचं. वर निदान वितभर जागा मोकळी हवी.

आणि कूलर. वैदर्भीय घराचा आधार. पण त्याच्या झोतासमोर ॲम्प्लिफायर ठेवू नये. ओलसर हवा आणि धूळ एकत्र आली की बटणांचे आतले संपर्क काळे पडतात. मग नॉब फिरवताना खरखर, एका बाजूचा स्पीकर मधूनच बंद. यातला बराचसा त्रास कॉन्टॅक्ट क्लीनरने जातो, पण पुन्हा येऊ नये म्हणून जागा बदलावी लागते.

घेण्याआधी काय तपासायचं?

• चालू करून ऐका, फोटोवर जाऊ नका. रिलेचा 'टिक' आला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या वाजल्या पाहिजेत. आवाज शून्यावर असताना स्पीकरमधून घरघर येऊ नये.

• बरीच वर्षं बंद असलेला सेट थेट लावू नका. आपल्या मेकॅनिककडे 'सिरीज बोर्ड' असतो. जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब यंत्राच्या मालिकेत जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्बने हे जमत नाही.

• स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. आवाज बंद ठेवून मल्टीमीटर लावला तर काही दशक मिलिव्होल्टच्या आत आकडा हवा. व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर जळेल.

• झाकण उघडून दाखवायला सांगा. त्या काळात कपॅसिटर बोर्डावर चिकटवायला वापरलेला पिवळसर गोंद कालांतराने तपकिरी होतो आणि आजूबाजूच्या तारा खातो. बऱ्याच जुन्या सॅनसुईमध्ये हा त्रास दिसतो. गोंद खरवडून काढणं हे दुरुस्तीचं मोठं काम असतं.

• 'नवीन पार्ट टाकलेत' म्हणजे कुठले, ते विचारा. जपानी पॉवर ट्रान्झिस्टर बरेचसे बनायचे बंद झालेत. त्यांच्या नावाने नकली माल सर्रास मिळतो. वरचा छाप तोच, आतला तुकडा लहान. कमी आवाजावर तो चालतो, जोर लागला की उडतो आणि जाताना स्पीकर घेऊन जातो.

• दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा. स्वस्तात मिळालेला बंद सेट बऱ्याचदा चालू सेटपेक्षा महाग पडतो.

शेवटचा मुद्दा: मेकॅनिक

या छंदात आज सगळ्यात दुर्मीळ गोष्ट एयू-७१७ नाही. ती दुरुस्त करणारा माणूस आहे. रेडिओ-टेपच्या जमान्यात गल्लोगल्ली दुकान असलेले कारागीर आता साठी-सत्तरीत आहेत. सर्किटचा नकाशा बघून बिघाड शोधायची त्यांची विद्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिकायला मिळत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलतात. नकाशे इंटरनेटवर सापडतात, कपॅसिटर कुरिअरने येतात. पण कुठल्या सुराची खरखर नॉबची आणि कुठली ट्रान्झिस्टरची, हे अनुभवी कान ओळखतो.

म्हणून घरात जुना सेट असेल तर भंगारात देण्याआधी एकदा मागची पाटी वाचा, मॉडेल नंबर शोधा आणि अशा एखाद्या कारागिराला दाखवा. आणि रील बघून घ्यायला निघाला असाल, तर आधी मेकॅनिक शोधा, मग ॲम्प्लिफायर.